सिरोंच्याचे चर्च आणि आपले विहार

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चांदा शहरी येऊन आपल्या वडीलधाऱ्यांना धम्मदीक्षा दिली. नागपूरचा सोहळा होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते; आणि पुढे दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब आपल्यातून निघून गेले. त्या दिवशी ज्यांनी दीक्षा घेतली त्यांची नातवंडे आज कर्ती झाली आहेत. त्यांच्याबरोबरच, ज्यांनी अलीकडे धम्माचा स्वीकार केला अशी नवी घरेही या वनजिल्ह्यांतून आहेत. आजचा हा अग्रलेख मुख्यतः या नव्या घरांसाठी आहे. दीक्षेचा दिवस उत्साहाचा असतो. त्या दिवशी काय सोडले व काय स्वीकारले हे माणसाला स्पष्ट दिसत असते. खरा प्रश्न दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. लग्न कसे लावावे, मूल जन्मले तर नोंद कोठे करावी, विहार कोणाच्या जागेवर बांधावे, शाळेच्या दाखल्यावर काय लिहावे, आणि गावाने टोमणा मारला तर काय उत्तर द्यावे, हे प्रश्न दीक्षाभूमीवर सुटत नाहीत. ते घरी परतल्यावर सोडवावे लागतात.

हे प्रश्न पडणारे आपण पहिले नाही. आपल्याच जिल्ह्यात, आपल्यापूर्वी साठ वर्षे, दुसऱ्या एका धर्मात गेलेली माणसे याच प्रश्नांना सामोरी गेली आहेत. त्यांचा मार्ग आपला नव्हे. बाबासाहेबांनी तो मार्ग विचारपूर्वक नाकारला हे आपण जाणता. परंतु जो मार्ग आपण घेतला नाही, त्या मार्गावरील खाचखळगे ठाऊक करून घेऊ नयेत असे कोठे आहे? म्हणून आज आपणांस सिरोंच्याच्या मेथॉडिस्ट चर्चच्या इतिहासाकडे पाहावयास आम्ही सांगत आहोत.

सिरोंचा हे गाव प्राणहितेच्या काठी, ती गोदावरीस मिळते त्या संगमाजवळ वसलेले आहे. इंग्रजी अमलात १८६० साली अपर गोदावरी नावाचा एक वेगळा जिल्हा करण्यात आला, त्याचे हे ठाणे. तो जिल्हा १८७४ साली मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात आला. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निराळा झाला तेव्हा हा तालुका त्या जिल्ह्याकडे गेला. नदीपलीकडे पूर्वी निजामाचे राज्य होते, आज तेलंगण आहे. त्यामुळे या भागाची बोली मराठीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, तेलुगू. चहूबाजूंनी सागाचे जंगल, पावसाळ्यात नद्यांनी तोडलेले रस्ते, आणि जंगलात माडिया व गोंड यांची गावे. अशा ठिकाणी अमेरिकेतील मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चचे मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊन पोहोचले.

हे मिशन एकाएकी आलेले नव्हते. विल्यम बटलर नावाचा मेथॉडिस्ट धर्मोपदेशक १८५६ साली हिंदुस्थानात आला व त्याने बरेलीस काम आरंभिले. पुढे विल्यम टेलर याने १८७० नंतर मुंबई व दक्षिणेकडे मंडळ्या स्थापिल्या. टेलरच्या हाकेवरून १८७६ साली आलेल्यांपैकी सी. बी. वॉर्ड याने निजामाच्या मुलखात दुष्काळातील अनाथ मुले सांभाळण्याचे काम केले, आणि तेथून मिशनची पावले गोदावरीच्या खोऱ्याकडे व बस्तरातील जगदलपुराकडे वळली. खुद्द चांदा शहरात काम होते ते स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे. तेथील ॲलेक्स वुड हे पुढे नागपूरचे बिशप झाले. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या मुख्य शहरी एक पंथ, दक्षिण टोकास दुसरा, आणि मध्ये शेकडो गावे अशी, की ज्यांनी दोहोंचेही नाव ऐकले नव्हते.

मेथॉडिस्ट पंथाची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली याने हा पंथ उभा केला, तो मोठ्या देवळांतून नव्हे. खाणकामगार, विणकर व शेतमजूर यांच्यापुढे तो उघड्या मैदानात बोलत असे. १७४२ साली ब्रिस्टल येथे सभागृह बांधल्याचे कर्ज डोक्यावर झाले. ते फेडावे कसे, असा विचार चालला असता एकाने सुचविले की, बाराबारा माणसांचे गट करावेत, प्रत्येक गटास एक नायक असावा, आणि त्याने दर आठवड्यास प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी. नायक पैशासाठी घरोघर जाऊ लागला, तेव्हा त्यास कोण आजारी आहे, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे, कोणाच्या घरी भांडण आहे हे कळू लागले. कर्ज फिटावे म्हणून काढलेली युक्ती हीच पंथाची मुख्य संस्था बनली. एका माणसाने एक पेनी द्यावी, आणि बारा माणसांचे सुखदुःख एकाने ठेवावे, एवढीच ती व्यवस्था होती.

या लहान गटांतून काय निपजले, ते पाहा. ज्यांना कोणी कधी चार माणसांत उभे राहून बोलू दिले नव्हते ते शेतमजूर प्रार्थनासभेत बोलावयास शिकले, हिशेब ठेवावयास शिकले, सभा चालवावयास शिकले. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यात शेतमजुरांची मजुरी उतरत आठवड्यास सात शिलिंगांवर आली, व ती आणखी घटण्याची धमकी मिळाली. तेव्हा त्यांनी आपली संघटना बांधली. गुप्त शपथ घेतल्याचा आरोप ठेवून १८३४ साली सहा मजुरांस सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या सहांपैकी पाच मेथॉडिस्ट होते, आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा त्या पंथाचा स्थानिक उपदेशक होता. देशभर निदर्शने झाली आणि १८३६ साली सरकारास त्यांना माफी द्यावी लागली. धर्माच्या लहानशा बैठकीत जी माणसे उभी राहावयास शिकली, ती पुढे मालकापुढेही उभी राहिली. तेंदूपत्ता तोडणाऱ्या व धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या आपल्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

हीच घडण घेऊन मेथॉडिस्ट मिशन हिंदी खेड्यांत आले. त्याच्या कामाचे तीन भाग असत. पहिला भाग नोंदवहीचा. बाप्तिस्मा झाला की नाव, आईबापांचे नाव, गाव व तारीख वहीत चढे. लग्न झाले की १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे त्याची नोंद होई. ज्या माणसाचे नाव गावाच्या कोणत्याही कागदावर आदराने लिहिले गेले नव्हते, त्याचे नाव प्रथमच आईबापांसह शाईने लिहिले गेले. दुसरा भाग शाळेचा व दवाखान्याचा. तिसरा भाग स्त्रियांचा. अमेरिकेतील मेथॉडिस्ट स्त्रियांनी १८६९ साली आपली स्वतंत्र मिशनरी संस्था काढली आणि इझाबेला थोबर्न व डॉ. क्लारा स्वेन यांस हिंदुस्थानात पाठविले. इझाबेला थोबर्न यांनी १८७० साली लखनौस सहा मुलींची शाळा सुरू केली, तिचेच पुढे महाविद्यालय झाले. डॉ. स्वेन यांनी बरेलीस स्त्रियांचा दवाखाना काढला. स्त्रियांनी स्त्रियांसाठी निराळा पैसा जमवावा आणि निराळे काम करावे, हा तो परिपाठ होता. आणि अशा जंगलातील ठाण्यांपर्यंत मुलींचे शिक्षण पोहोचले ते त्या परिपाठामुळे.

आता दुसरी बाजू. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांतास होरपळून काढले. मिशनांनी अनाथालये उघडली, अन्न दिले, आणि त्यांतील कित्येक मुले पुढे ख्रिस्ती झाली. तेव्हापासून या देशातील गरीब ख्रिस्ती माणसाच्या कपाळी एक टोमणा चिकटला आहे की, हा पोटासाठी धर्म बदललेला माणूस. हा टोमणा आपणांस अनोळखी आहे काय? “तुम्ही सवलतींसाठी बौद्ध झालात,” असे आपणांस ज्या तोंडाने सांगण्यात येते तेच ते तोंड होय. आपल्या बाबतीत तर हा आरोप उफराटा आहे. १९५६ साली ज्यांनी दीक्षा घेतली त्यांनी सवलती मिळविल्या नाहीत, गमावल्या. हे कसे घडले ते पुढे सांगूच.

या टोमण्याचे उत्तर एका मेथॉडिस्टानेच शोधून ठेवले आहे. जे. वास्कम पिकेट हे मिशनरी, पुढे त्यांच्या चर्चचे बिशप झाले. त्यांनी हिंदुस्थानातील सामुदायिक ख्रिस्ती धर्मांतरांची गावोगाव पाहणी केली आणि १९३३ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की, माणसे कोणत्या हेतूने नव्या धर्मात आली यावर त्यांची पुढील उन्नती फारशी अवलंबून नव्हती. आल्यानंतर त्यांना शिकवण किती मिळाली, उपासना नियमित होती की नाही, आणि त्यांची कोणी विचारपूस केली की नाही, यावर ती अवलंबून होती. बौद्धजनहो, हा निष्कर्ष आपण मनात कोरून ठेवावा. आपण का आलात, हे विचारणारे पुष्कळ भेटतील. आल्यानंतर आपण काय केलेत, हे आपणच आपणांस विचारावयाचे आहे.

दोष सांगावयाचा तर पहिला दोष हा की, माणूस चर्चमध्ये गेला, पण जात त्याच्या मागोमाग आत आली. दक्षिणेत कित्येक चर्चमधून पूर्वास्पृश्यांची बसण्याची जागा निराळी आणि स्मशानही निराळे होते. बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरितांची स्थिती या विषयांवर लिहून ठेवलेले निबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले, त्यांत या दोषाची परखड मीमांसा आहे. पण ही केवळ हिंदी हवेची बाधा होती असे समजू नये. ज्या अमेरिकन चर्चने आपल्याकडे उपदेशक पाठविले त्याचे स्वतःचे घर गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४४ साली दुभंगले होते. जॉर्जियाचा बिशप गुलामांचा मालक आहे, त्याने पदावर राहावे काय, हा तो वाद. १९३९ साली ही शकले पुन्हा जोडली गेली, ती काळ्या मेथॉडिस्टांसाठी निराळा विभाग काढून. आणि तो निराळा विभाग मोडावयास १९६८ साल उजाडले. त्यापूर्वी फार आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये प्रार्थनेस गुडघे टेकलेल्या काळ्या भक्तांस ओढून उठविण्यात आले होते. तेव्हा रिचर्ड ॲलन व त्याचे सोबती त्या चर्चमधून बाहेर पडले आणि १८१६ साली त्यांनी स्वतःचे स्वतंत्र मेथॉडिस्ट चर्च स्थापन केले. धर्म समतेचा असला म्हणून त्याचे घर आपोआप समतेचे होत नाही. ते रोज झाडावे लागते.

मग आपल्या विहाराची झडती आपण घेतली आहे काय? महार घरातून आलेला बौद्ध मांग घरातून आलेल्या बौद्धास आपली मुलगी देतो काय? नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबास जुने बौद्ध “नवे” म्हणून मागच्या सतरंजीवर बसवितात काय? लग्न जमविताना आपण धम्म पाहतो की अजून पोटजात पाहतो? या प्रश्नांची उत्तरे या पाक्षिकास पाठवावयाची नाहीत. ती आपल्या घरात एकमेकांस द्यावयाची आहेत.

दुसरा दोष परावलंबनाचा. मेथॉडिस्ट पद्धतीत गावच्या मंडळीचा पाळक गाव निवडीत नाही. वार्षिक परिषदेत बिशप त्याची नेमणूक करतो व बदलीही करतो. चर्चची जागा व इमारत गावच्या मंडळीच्या मालकीची नसते. ती सबंध चर्चच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण केली जाते. या व्यवस्थेचे काही फायदे आहेत. गावातील एखादा दांडगा माणूस देऊळ गिळंकृत करू शकत नाही. पण तोटा असा की, जोवर पैसा, डॉक्टर व शिक्षिका समुद्रापलीकडून येत होत्या तोवर मिशनचा डोलारा उभा राहिला, आणि स्वातंत्र्यानंतर तो ओघ आटला तेव्हा अनेक ठिकाणी गावच्या मंडळीस आपल्या पायांवर उभे राहणे जड गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारताचे संयुक्त चर्च स्थापन झाले. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐनवेळी त्यातून बाहेर राहिले, आणि १९८१ साली त्यांचे स्वायत्त भारतीय चर्च झाले. म्हणजे बटलर आल्यापासून स्वतःचे घर स्वतः चालविण्याचा पूर्ण अधिकार हाती यावयास सव्वाशे वर्षे लागली.

आपल्याकडे परदेशी पैसा नव्हता, हे आम्ही आपले भाग्य समजतो. परंतु बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरास आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यास द्यावयास सांगितले होते, त्याचे काय झाले? ब्रिस्टलच्या खाणकामगाराची पेनी आणि आपला विसावा हिस्सा ही एकाच जातीची नाणी आहेत. आपल्या पैशाने उभे राहिलेले विहार लहान असेल, पत्र्याचे असेल, पण ते कोणाच्या मर्जीवर उभे नसेल. निवडणुकीपूर्वी कोणा पुढाऱ्याने दिलेल्या निधीतून बांधलेल्या सभागृहात आपण त्या पुढाऱ्याविरुद्ध ठराव करू शकाल काय, याचा विचार करावा.

आणि विहाराच्या जागेविषयी तर आपण अत्यंत सावध असावे. या दोन जिल्ह्यांत पुष्कळ जमीन वनखात्याची आहे. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, श्रमदान करून विहार बांधावे, आणि नंतर ती जागा वनजमीन निघावी, याहून दुर्दैव कोणते? प्रथम सातबारा पाहा. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तिची नोंद कोणाच्या नावे आहे ते पाहा. कोणा सज्जनाने तोंडी दान केलेली जागा त्याच्या मुलांनी परत मागितली तर आपल्या हाती काय आहे? दानपत्र नोंदवून घ्या. विहाराची संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवा, आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्या. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याप्रमाणे ग्रामसभेच्या शिफारशीने शाळा, अंगणवाडी, समाजकेंद्र अशा ठरावीक सोयींसाठी एक हेक्टरहून कमी वनजमीन मिळू शकते. परंतु त्या यादीत प्रार्थनास्थळ नाही, हे विसरू नका. गडचिरोली जिल्ह्यातील लेखा-मेंढा गावाने २००९ साली आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क ग्रामसभेच्या बळावर मिळविला. जे गाव कागद वाचते त्याला कायदा उपयोगी पडतो.

आता हक्कांचा मुख्य प्रश्न. १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा जो आदेश काढला त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात, हिंदू धर्माहून निराळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे लिहिले गेले. १९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली. बौद्धांची पडली नाही. त्यामुळे ज्या वर्षी आपल्या लोकांनी दीक्षा घेतली त्याच वर्षापासून केंद्राच्या सवलती व राखीव जागा त्यांच्या हातून गेल्या. पुढे महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण घटनेचा दरवाजा बंदच राहिला. नागपूरचे डॉ. दे. प. मेश्राम १९६२ साली राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे, म्हणून त्यांची निवड रद्द व्हावी, असा दावा झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६४ साली न्यायालयाने सांगितले की, माणसाने जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे उघडपणे जाहीर केले की पुरे, विधी यथासांग झाला की नाही याच्या खोलात शिरण्याचे कारण नाही. मेश्राम बौद्ध ठरले आणि म्हणून जागेस अपात्र ठरले. पाहा, आपली दीक्षा खरी आहे हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले, पण ते आपला हक्क काढून घेण्यासाठी! ही स्थिती १९९० साली संसदेने आदेशात बौद्ध धर्माचे नाव घातले तेव्हा बदलली. मध्ये चौतीस वर्षे गेली. दोन पिढ्यांची मुले त्या चौतीस वर्षांत शाळा शिकली, नोकऱ्या शोधीत फिरली. सवलतींसाठी धर्म बदलला म्हणणाऱ्यांनी या चौतीस वर्षांचा हिशेब द्यावा.

परंतु आपल्यासाठी दरवाजा उघडला, तो आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यासाठी आजही बंद आहे. एकाच वस्तीतील दोन सख्खे भाऊ. एकाने त्रिशरण घेतले, दुसऱ्याने बाप्तिस्मा घेतला. गाव दोघांसही त्याच नावाने हाक मारते, त्याच नजरेने पाहते. परंतु पहिला अनुसूचित जातीचा आहे आणि दुसरा नाही. मारहाण झाली तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण पहिल्यास आहे, दुसऱ्यास नाही. मद्रासच्या रस्त्यावर जोडे शिवून पोट भरणारे सूसै नावाचे एक गृहस्थ ख्रिस्ती होते. चर्मकारांस सरकार टपऱ्या देत होते, ती केवळ ख्रिस्ती म्हणून त्यांना नाकारण्यात आली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. ख्रिस्ती समाजातही जातीची पीडा तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे सिद्ध झाले पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. २००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढून टाकावी अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. २०२२ साली केंद्र सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी नवा आयोग नेमला. आदिवासींच्या बाबतीत मात्र घटनेच्या आदेशात धर्माची अशी अट नाही. गोंड वा माडिया माणूस कोणत्याही धर्मात गेला तरी अनुसूचित जमातीचाच राहतो. मग अस्पृश्यतेने ज्याला चिरडले त्याच्यावरच ही अट का?

आपल्यातील काही बंधू कुजबुजतात की, ख्रिस्ती आत आले तर आपला वाटा कमी होईल. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. जागा थोड्या आहेत, मुले पुष्कळ आहेत, आणि ज्याच्या घरी दोन पदवीधर बेकार बसले आहेत त्याला हिशेब सुचणारच. म्हणून नवे लोक आत आले तर त्या प्रमाणात जागाही वाढल्या पाहिजेत, अशी मागणी आपण अवश्य करावी. परंतु चौतीस वर्षे ज्या अटीने आपल्याला बाहेर ठेवले ती अट न्याय्य आहे असे आपल्या तोंडून निघू नये. आपण आत आल्यावर दार लावून घेतले, असे आपल्या नातवंडांना वाचावे लागू नये.

त्याच वेळी आपल्या ख्रिस्ती बांधवांसही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९३८ च्या आरंभी सोलापूरच्या ख्रिस्ती सभेत बाबासाहेबांनी ती स्पष्टपणे सांगितली होती. ख्रिस्ती समाज शिक्षणात पुढे असूनही राजकारणापासून अलिप्त राहिला, आणि म्हणून त्याच्या गाऱ्हाण्यांकडे कोणी लक्ष दिले नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. मिशनने दवाखाना दिला, शाळा दिली. हक्क मागावयास मात्र शिकविले नाही. हा बोल ख्रिस्त्यांपुरता आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. विहारात पंचशील म्हणून घरी जाणारा आणि ग्रामसभेस कधीही न जाणारा बौद्ध याच बोलाचा धनी आहे.

एक विलक्षण गोष्टही येथे नोंदविली पाहिजे. १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने, ज्यात तेव्हा आपला चांदा जिल्हाही होता, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल आला. धर्मांतरावर निर्बंध घालू पाहणारे लोक आजही त्या अहवालाचा आधार घेतात. त्याच १९५६ साली, त्याच नागपुरात, त्याच नियोगींनी बाबासाहेबांच्या दीक्षासमारंभात बौद्ध धम्म स्वीकारला! माणसाने आपल्या विवेकाप्रमाणे धर्म निवडावा, हा हक्क घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात आहे. तो हक्क निवृत्त न्यायमूर्तीस जेवढा आहे तेवढाच सिरोंच्याच्या शेतमजुरासही आहे. शिकलेल्याने निवडले तर तो विचार, आणि गरिबाने निवडले तर ते आमिष, हा न्याय कोणता?

आता, नव्या घरांनी काय करावे? सिरोंच्याच्या इतिहासातून चार गोष्टी घ्याव्यात.

पहिली गोष्ट, विहारात जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही ठेवा. दीक्षा, जन्म, विवाह, मृत्यू यांची नावे, तारखा व साक्षीदारांच्या सह्या तीत असू द्या. विवाह बौद्ध पद्धतीने लावा, पण ग्रामपंचायतीत १९९८ च्या कायद्याप्रमाणे त्याची नोंदणीही करा. लक्षात ठेवा की १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांसही लागू आहे. नोंद नसलेल्या लग्नाचा त्रास पुढे सोसावा लागतो तो बहुधा स्त्रीस.

दुसरी गोष्ट, येत्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा सरकारने जाहीर केला आहे. धर्माच्या रकान्यात “बौद्ध” असे स्वच्छ सांगा, आणि लिहिणाऱ्याने तसेच लिहिले आहे याची खात्री करून घ्या. अनुसूचित जातीत असाल तर आपल्या जातीचे नाव यादीप्रमाणे सांगितल्याने धम्माला बाध येत नाही, आणि बौद्ध म्हटल्याने १९९० नंतर हक्कासही बाध येत नाही. १९५१ साली सबंध भारतात बौद्ध दोन लाखांहून कमी होते. १९६१ साली एकट्या महाराष्ट्रात ते सत्तावीस लाखांच्या वर निघाले. २०११ साली महाराष्ट्रात पासष्ट लाखांवर नोंद झाली. हे आकडे आपोआप वाढले नाहीत. घरोघरी कोणी तरी तोंड उघडून सांगितले, म्हणून ते वाढले.

तिसरी गोष्ट, वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात बाबासाहेबांचा “बुद्ध आणि त्यांचा धम्म” हा ग्रंथ वाचला जातो, हे उत्तमच. परंतु उरलेले नऊ महिने विहारास कुलूप का? दहाबारा घरांचा एक गट करा. आठवड्यातून एकदा बसा. कोणाचे मूल शाळेतून गळाले, कोणाच्या घरी दारू शिरली, कोणाची मजुरी बुडाली, याची विचारपूस करा, आणि जमेल ती वर्गणी वहीत मांडा.

चौथी गोष्ट, या गटाची वही व हिशेब स्त्रियांच्या हाती द्या. बचत गट चालवून त्यांना हिशेबाची सवय झालेली आहे. विहाराच्या विश्वस्तांत मात्र त्यांची नावे किती आहेत, ते आपल्या गावी मोजून पाहा.

नदीकाठच्या त्या चर्चने मंडळी जमविली, नावे लिहिली आणि मुली शिकविल्या. त्या परंपरेला जात पूर्णपणे बाहेर काढता आली नाही, आणि स्वतःच्या घराची किल्ली फार उशिरा हाती आली. आपल्या किल्ल्या पहिल्या दिवसापासून आपल्याच हाती आहेत. तेव्हा या आठवड्यात विहाराचे कुलूप उघडा आणि नोंदवहीचे पहिले पान लिहावयास घ्या.